विज्ञानाचं राजकारण शिकायचं असेल तर

१४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी वांग्याच्या व्यापारी लागवडीला हिरवा कंदील दाखवला. हे वाण विकसित करणारी महिको कंपनी आपल्या जालन्याची. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी हे वांग्याचं जुनं दुखणं. मातीत सापडणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचं एक जनुक रोपात घातलं की ही अळी मरते आणि फवारण्या कमी लागतात, असं कंपनीचं म्हणणं होतं. तज्ज्ञांच्या समितीने होकार दिला म्हणजे विषय मिटायला हवा होता. पण तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारीला लागवडीला स्थगिती दिली.

लगेच दोन तट पडले. एक म्हणे, मंत्र्यांनी विज्ञानात राजकारण घुसवलं. दुसरा म्हणे, लोकांनी कंपनीला हरवलं. या दोन्ही तटांनी जिथे विचार थांबवला, तिथूनच एक अख्खी विद्याशाखा सुरू होते. जगभरच्या विद्यापीठांत ती 'सायन्स, टेक्नॉलॉजी अँड सोसायटी' किंवा थोडक्यात 'एसटीएस' या नावाने शिकवली जाते. बीएस्सी, बीई किंवा कृषी पदवी घेतलेली काही मराठी मुलंमुली आता या वाटेकडे वळू पाहत आहेत. त्यांच्यापुढे अडचण अशी की सारख्याच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात आणि माहितीपत्रकं वाचून त्यांतला फरक कळत नाही. तो फरक कळावा म्हणून हा लेख.

त्यासाठी वांग्यापाशीच थोडं थांबू. या प्रकरणात विचारण्यासारखे प्रश्न अनेक आहेत. सुरक्षिततेच्या बहुतेक चाचण्या कंपनीने स्वतः केल्या होत्या किंवा करवून घेतल्या होत्या. मग त्यांच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? त्या चाचण्यांची कच्ची आकडेवारी लोकांसमोर आली ती २००८ मध्ये, माहिती अधिकाराची लढाई थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. हैदराबादच्या 'सीसीएमबी' या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे संस्थापक पुष्पमित्र भार्गव सर्वोच्च न्यायालयाने नेमलेले निरीक्षक म्हणून समितीच्या बैठकांना बसत, आणि त्यांचा मंजुरीला विरोध होता. दुसरे नामवंत शास्त्रज्ञ तितक्याच ठामपणे बाजूने होते. म्हणजे 'विज्ञान काय सांगतं?' या प्रश्नालाच एक उत्तर नव्हतं. शेती हा राज्यांचा विषय, पण मान्यता देणारी समिती केंद्राची. वांग्याच्या देशी वाणांची विविधता भारतात पूर्वापार. त्या वाणांत परकं जनुक घातलं तर नव्या बियाण्यावर हक्क कोणाचा? सप्टेंबर २०१० मध्ये देशातल्या सहा विज्ञान अकादम्यांनी मिळून जनुकीय पिकांवर अहवाल दिला, तो बीटी वांग्याला अनुकूल होता. पण त्यातला काही मजकूर आधीच छापून आलेल्या लेखातून जसाच्या तसा उचलल्याचं उघडकीला आलं आणि अहवाल सुधारून पुन्हा द्यावा लागला. शिवाय तेच जनुक असलेलं वांगं शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्ये मंजूर केलं. अळी तीच, जनुक तेच, निर्णय मात्र उलटा.

यातला कोणता प्रश्न तुम्हाला रात्री जागं ठेवतो, यावर तुमचा कोर्स ठरायला हवा. विद्यापीठाचं नाव त्यानंतर.

या विद्याशाखेची मुळं समजली तर निवड सोपी जाते. १९५९ मध्ये केंब्रिजच्या एका व्याख्यानात सी. पी. स्नो यांनी विज्ञानवाले आणि साहित्यवाले एकमेकांची भाषाच समजेनासे झाले आहेत, अशी तक्रार केली. १९६२ मध्ये थॉमस कून यांचं 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स' आलं. विज्ञान एकेक वीट रचत सरळ वर चढत जातं, हे चित्रच त्याने हलवलं. पुढे साठच्या दशकातच ब्रिटनमध्ये दोन केंद्रं उभी राहिली आणि आजचे बहुतेक अभ्यासक्रम या ना त्या प्रकारे त्यांचे वारसदार आहेत.

पहिलं एडिंबरोचं. त्यामागे पुढाकार होता सी. एच. वॉडिंग्टन या जनुकशास्त्रज्ञाचा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आपल्या विषयाचा समाजाशी संबंध कळावा, ही त्याची इच्छा. तिथे डेव्हिड ब्लूर आणि बॅरी बार्न्स यांनी एक धीट भूमिका मांडली. एखादी वैज्ञानिक समजूत चुकीची ठरली की आपण तिची सामाजिक कारणं शोधतो आणि बरोबर ठरली की 'ती खरीच होती' म्हणून गप्प बसतो; हा दुजाभाव सोडा, दोन्हींची कारणं सारख्याच पद्धतीने तपासा, असं त्यांचं म्हणणं. या परंपरेत शिकणारा विद्यार्थी वांग्याच्या प्रकरणात मान्यता समितीच्या बैठकीत शिरेल. कोणता पुरावा पुरेसा मानला गेला? नव्वद दिवस उंदरांना खाऊ घालून पाहणं पुरे, हे कोणी आणि कशावरून ठरवलं?

दुसरं केंद्र ससेक्सचं. १९६६ मध्ये ख्रिस्तोफर फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने तिथे विज्ञान धोरणाचं संशोधन केंद्र काढलं. ते 'स्प्रू' या आद्याक्षरी नावाने ओळखलं जातं. संशोधनावरचा खर्च मोजायचा कसा, याची पहिली आंतरराष्ट्रीय नियमावली फ्रीमन यांनीच लिहिली होती. इटलीतल्या फ्रास्काती गावी १९६३ मध्ये झालेल्या बैठकीवरून तिला फ्रास्काती मॅन्युअल म्हणतात. भारत संशोधनावर जीडीपीच्या एक टक्काही खर्च करत नाही, हे वाक्य आपण अर्थसंकल्पाच्या सुमारास नेहमी वाचतो. त्यातली मोजमापाची रीत तिथून आली आहे. या परंपरेतला विद्यार्थी विचारेल: सार्वजनिक कृषी विद्यापीठं मागे का पडली आणि बियाण्यांचं संशोधन खासगी कंपन्यांकडे का गेलं? पैसा कुठून कुठे वळला?

या दोन प्रश्नांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते ओळखता आलं तर निम्मं काम झालं. पहिल्या प्रकारच्या कोर्सला जाऊन आकडेवारी आणि धोरण-मसुदे मिळतील अशी अपेक्षा ठेवली तर निराशा पदरी येते. दुसऱ्या प्रकारच्या कोर्सला जाऊन 'सत्य म्हणजे काय' यावर वाद घालायची हौस असेल तर तीही भागत नाही.

तिसरी परंपरा कायद्याच्या आणि तुलनेच्या वाटेने आली. तिचं मोठं नाव शीला जॅसनॉफ. जन्म कोलकात्याचा, आधी गणित, मग भाषाशास्त्र, मग कायदा असा प्रवास. कॉर्नेल विद्यापीठातला एसटीएस विभाग त्यांनी उभा केला आणि पुढे त्या हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये गेल्या. २००५ मधल्या 'डिझाइन्स ऑन नेचर' या ग्रंथात त्यांनी ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिका या तीन लोकशाही देशांनी जैवतंत्रज्ञानाबद्दल इतके वेगळे निर्णय का घेतले, याचा शोध घेतला. पुरावा पटवून घेण्याची प्रत्येक देशाची एक रीत असते. कुठे न्यायालयातली उलटतपासणी, कुठे ज्येष्ठ तज्ज्ञाचा शब्द, कुठे सर्व पक्ष एकत्र बसून काढलेला तोडगा, असं त्या दाखवतात. भारत आणि बांगलादेश यांच्या दोन निर्णयांचं कोडं ज्याला सोडवायचं आहे, त्याने आधी हे वाचावं. मात्र हार्वर्डच्या एसटीएस कार्यक्रमात स्वतंत्र पदवी मिळत नाही. दुसऱ्या विषयात पीएचडी करताना जोडविषय म्हणून तो घेता येतो, किंवा फेलो म्हणून जाता येतं. पदवी हवी असेल तर कॉर्नेल किंवा एमआयटी. एमआयटीमध्ये हा कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि तिथली पीएचडी इतिहास, मानववंशशास्त्र आणि एसटीएस अशी तिहेरी आहे.

विज्ञान आणि राजकारण यांच्या नात्याचा प्रश्न आपल्याकडे बाहेरून आलेला नाही, हेही ध्यानात असू द्यावं. गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्यावा, असं ते पन्नास-साठच्या दशकांत जाहीरपणे सांगत होते, आणि तेही देशाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख होमी भाभा यांनी उभारलेल्या संस्थेत राहून. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्याच्या कारणांबद्दल मतभेद आहेत. पण कोणत्या ऊर्जेवर देशाने पैसा लावावा हा प्रश्न फक्त भौतिकशास्त्राचा नाही, हे कोसंबींना स्वच्छ दिसत होतं.

भारतात शिकायचं तर आज पर्याय कोणते? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विज्ञान धोरणाच्या अभ्यासाचं केंद्र आहे आणि गुजरात केंद्रीय विद्यापीठात विज्ञान, तंत्रज्ञान व नवोपक्रम धोरणाचं. दोन्ही मुख्यतः संशोधनाकडे झुकलेली. एमफिल बंद झाल्यामुळे तिथली जुनी वाट बदलली आहे, तेव्हा प्रवेशाचे चालू नियम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच पाहावेत. बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था जे. आर. डी. टाटांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये सुरू झाली; शास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ एका छताखाली बसावेत, हाच तिचा हेतू. आयआयटी दिल्ली आणि आयआयटी मुंबई इथे सार्वजनिक धोरणाचे अभ्यासक्रम आहेत. आयआयटी मुंबईत १९८५ पासून 'सितारा' हे ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान-पर्याय शोधणारं केंद्र आहे. तिथल्या एमटेकच्या विद्यार्थ्यांना काही आठवडे गावात राहून काम करावं लागतं. पाणी योजना कागदावर पूर्ण आणि नळ कोरडा, यामागचं कारण पंपाच्या अश्वशक्तीत आहे की ग्रामपंचायतीच्या वीजबिलात, हे तिथे प्रत्यक्ष तपासावं लागतं. इंजिनीअर झालेल्या मराठी विद्यार्थ्याला मी सर्वांत आधी हेच केंद्र पाहायला सांगेन. 'राजकारण' हा शब्द त्याच्या नावात नाही, पण शिकायला तेच मिळतं.

आयआयटीत बीटेक करणाऱ्यांना मानव्यविद्यांचे काही विषय घ्यावेच लागतात. बहुतेक जण तिथे गुण मिळवायला सोपा पेपर शोधतात. ज्याला या क्षेत्रात जायचं आहे, त्याने तीच जागा चव घेऊन पाहण्यासाठी वापरावी. विज्ञानाच्या इतिहासाचा एक पेपर घेतला तरी आपल्याला ही वाट झेपेल की नाही, हे एका सत्रात समजतं.

आता माहितीपत्रक बाजूला ठेवून अभ्यासक्रम कसा वाचायचा ते पाहू. बहुतेक चांगले विभाग प्रत्येक पेपरची आठवडावार वाचनयादी देतात. एमआयटीने तर आपल्या अनेक पेपरांचे अभ्यासक्रम ओपनकोर्सवेअरवर फुकट ठेवले आहेत. ती यादी हाच कोर्सचा खरा चेहरा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काय आहे, ते बघा. नुसत्या सिद्धांतांची नावं असतील तर सावध व्हा. एखादी घडलेली गोष्ट मुळापासून उकलून दाखवली असेल तर पुढे वाचा.

अशा गोष्टींपैकी एक तर जवळजवळ प्रत्येक चांगल्या यादीत सापडते. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि किरणोत्सारी ढग हजारो किलोमीटर दूर उत्तर इंग्लंडच्या कम्ब्रिया भागात पावसाबरोबर उतरले. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर आणि कत्तलीवर बंदी घातली. ती तीन आठवड्यांत उठेल असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. त्यांचं गणित चिकणमातीच्या जमिनीवर बसवलेलं होतं, जिथे सीझियम मातीत अडकून पडतं. डोंगरावरची जमीन आम्लधर्मी आणि कुजलेल्या वनस्पतींची. तिथे सीझियम गवतात आणि गवतातून पुन्हा मेंढीत फिरत राहिलं. मेंढपाळांना आपलं कुरण, कळपाची हालचाल, चाऱ्याच्या वेळा ठाऊक होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही. शेजारीच सेलाफिल्डचा अणुप्रकल्प, तिथे १९५७ मध्ये लागलेली आग लोकांच्या आठवणीत, त्यामुळे हे प्रदूषण नक्की चेर्नोबिलचंच का, हा संशयही होता. ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने या मेंढपाळांशी बोलून जे लिहिलं ते या क्षेत्रातलं पायाभूत काम ठरलं. तीन आठवड्यांची म्हणून आलेली बंदी काही शेतांवरून २०१२ मध्ये उठली.

हे वाचलेला विद्यार्थी नागपूरच्या सुनावणीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. शेतकरी जे बोलले त्यातलं काय भावनेचं, काय हितसंबंधांचं आणि काय खऱ्या माहितीचं, हे वेगळं करायला तो शिकतो. माझ्या मते कोर्सने दिलेलं हे सर्वांत मोठं देणं.

पण याच्याच पोटात एक धोका आहे. 'तज्ज्ञही चुकतात' एवढंच शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी लस, हवामानबदल, सगळ्यांवर सारखाच संशय घेऊ लागतो. सिगारेट कंपन्यांनी नेमकं हेच हत्यार वापरलं. धूम्रपानाने कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर त्यांनी 'अजून पुरावा हवा' म्हणत दशकानुदशकं वेळ काढला, आणि पुढे हवामानबदलाबाबत तीच युक्ती वापरली गेली. नेओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे यांनी २०१० च्या 'मर्चंट्स ऑफ डाउट' मध्ये ही कहाणी कागदपत्रांनिशी मांडली. प्रामाणिक शंका आणि विकत घेतलेली शंका यांतला फरक जो कोर्स शिकवत नाही, तो घेऊ नये. वाचनयादीत कम्ब्रियाचे मेंढपाळ आणि सिगारेट कंपन्या दोन्ही आहेत का, एवढं पाहिलं तरी कल्पना येते.

नव्या कोर्सांच्या नावात आता 'एआय आणि नैतिकता' दिसू लागलं आहे. तिथे २०१८ चा एक अभ्यास हमखास असतो: चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. अभ्यास मोलाचा आहे. पण त्यावरून काय शिकवलं जातं ते बघा. 'यंत्राला जास्त प्रकारचे चेहरे दाखवा म्हणजे झालं' इथे कोर्स थांबत असेल तर तो तंत्रज्ञानाचाच कोर्स आहे. तो कॅमेरा कोणी, कोणावर, कोणाला विचारून लावला, हा प्रश्न येत असेल तर राजकारण सुरू झालं. तसंच भारताबद्दलच्या यादीत जात आहे का, तेही पाहा. आयआयटी मद्रासमधल्या 'गुणवत्ते'चा जातीशी संबंध तपासणारं अजंता सुब्रमण्यन यांचं २०१९ चं 'द कास्ट ऑफ मेरिट' आणि सी. व्ही. रामन यांच्या काळातल्या भारतीय भौतिकशास्त्रातली जात आणि स्त्रियांचं स्थान तपासणारं आभा सूर यांचं काम ज्या यादीत नाही, ती यादी भारतीय विज्ञानाबद्दल अर्धंच सांगते.

पैशाचं थोडक्यात. ब्रिटनमधली एमएस्सी एका वर्षात होते, पण फी जड असते. अमेरिकेत चांगल्या विभागातल्या पीएचडीला बहुधा फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. वर्षं मात्र पाच-सहा जातात. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिला जागतिक क्रमवारीची अट असते आणि ती क्रमवारी अख्ख्या विद्यापीठाची असते. ससेक्स एकूण यादीत केंब्रिज-एडिंबरोच्या बरंच खाली दिसतं, तरी विज्ञान धोरणात त्याचा दबदबा मोठा. शिष्यवृत्तीचा नियम आधी वाचून मगच विभाग ठरवावा लागतो, ही खेदाची पण खरी गोष्ट आहे.

आणि शिकून पुढे काय, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेकडे पाहा. १९९० च्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार राज्याला झेपणारा नाही, हे गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेमोड करून मांडलं. घोषणा देणारे तेव्हा पुष्कळ होते. करारातली कलमं आणि दरांची सूत्रं सोडवून दाखवणारे थोडे. २००१ मध्ये वीज मंडळाने दाभोळची वीज घेणं थांबवलं. हे काम करणारे मुळात इंजिनीअर होते. म्हणून विज्ञान किंवा इंजिनीअरिंग सोडून या विषयाकडे पळून येणाऱ्यांना माझा विरोध आहे. आपलं गणित, आपली प्रयोगशाळा, आपलं शेतीशास्त्र पक्कं ठेवून या. ज्याला सांख्यिकी कळत नाही, त्याला चाचणी अहवालातली लबाडी कधीच पकडता येणार नाही.

अर्ज भरण्याआधी एक काम करा. आपल्या जिल्ह्यातला तंत्रज्ञानाचा एक निर्णय निवडा. नंदुरबारच्या टेंभलीतून २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आज रेशन दुकानातल्या यंत्रावर ज्या मजुरांचे झिजलेले ठसे उमटत नाहीत त्यांचं काय होतं, हा एक विषय. जैतापूरचा नियोजित अणुप्रकल्प, पश्चिम घाटाबद्दलचे गाडगीळ आणि कस्तुरीरंगन हे दोन अहवाल, गावातलं स्मार्ट मीटर, काहीही चालेल. निर्णय कोणी घेतला, कोणत्या अहवालावरून, कोणाला विचारलं आणि कोणाला नाही, एवढ्यावर दोन पानं लिहा. मग ज्या विभागात जायचं आहे तिथल्या एका प्राध्यापकाचा एक निबंध पूर्ण वाचा आणि ही दोन पानं त्यांना ईमेलने पाठवून विचारा, की या प्रश्नाचं काम तुमच्याकडे होऊ शकेल का. जिथून नीट उत्तर येईल, तिथे अर्ज करा.